कोपऱ्यातलं बोट

सकाळपासून फोन पालथा ठेवते आणि लगेच उताणा करते. आईचा फोटो अजून आलेला नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं, रेश्माचं लग्न ठरलंय. पत्रिका छापून गावी पोचल्यासुद्धा. मीच इथून, पनवेलहून, एसटीच्या पार्सलने पाठवल्या. आता तिच्या लग्नाचं वेबपेज करायचं आहे, तेही मीच करणार, आणि पेजच्या अगदी वरती पत्रिकेचा फोटो लागणार. पत्रिका वाटायला काढण्याआधी तिच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात. काल मी आईला फोनवर म्हटलं, "एका पत्रिकेला तुझ्या हातानं लाव, आणि तिचाच फोटो पाठव."

पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

"मी?" आई म्हणाली. "आगं, काय बोलायलीस तू? चुलती लावंल की. मला लावता येत न्हाई, तुला म्हाईत न्हाई का?"

मला माहीत आहे. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा नसलेल्या बाईने लग्नाच्या हळदीला बोट लावायचं नाही, हे तिला कोणी समोर बसवून शिकवलं नाही. ती आपली आपणच मागे सरकत गेली. गावातल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे ब्लाऊज तिच्या हातचे असतात. गळ्याची गोलाई अशी बसवते की खांद्यावर एक सुरकुती दिसणार नाही. हळदीच्या दिवशी मात्र दार लोटून घरात बसते, आणि बाहेर वाजंत्री जितकी जोरात वाजते तितकं हिचं मशीन जोरात चालतं.

"तूच लाव," मी परत म्हटलं.

"बघते," म्हणाली आणि फोन ठेवला.

आईचं "बघते" म्हणजे बहुतेक वेळा "नाही" असतं. बहुतेक वेळा. या दोन शब्दांवर मी कालपासून लटकले आहे.

बाहेर लग्नसराई पेटली आहे. एप्रिल लागला की इथली हवा अंगाला चिकटते. पळस्प्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकतात, ताडगोळेवाल्यांच्या टोपल्या मांडल्या जातात, आणि त्यांच्यामधून मांडवाचे बांबू लादलेले टेम्पो हॉर्न वाजवत घुसतात. दिवस कलला की आजूबाजूच्या गावांतून हळदीची गाणी ऐकू यायला लागतात. कुठल्या गावातून, ते कळत नाही. एका दिशेने बेंजो, दुसऱ्या दिशेने डीजे, आणि मधल्या हवेत दोघांची मारामारी. दुकानाच्या काउंटरची काच त्या ठोक्यांनी बारीक थरथरते. मला सराई आवडते की तिची भीती वाटते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भीती तर मला कशाचीही वाटते. गिऱ्हाईक दाराशी थांबलं की वाटतं, तक्रार घेऊन आलंय. चाचांनी नुसतं "बेटी, इकडे ये" म्हटलं तरी मनातल्या मनात मी पिशवी भरायला घेते. एवढी वर्षं झाली तरी हे गेलं नाही.

चाचा म्हणजे हनीफचाचा. जुन्या पनवेलात, तळ्यामागच्या गल्लीत त्यांचं पत्रिका छापायचं दुकान आहे. मावशीचं बाळ सांभाळायला मला जिंतूरच्या पुढच्या आमच्या गावाहून इथे आणलं होतं. बाळ शाळेत जायला लागलं, मावशीच्या एका खोलीत माझी जागा कमी पडू लागली, आणि मी गल्लीगल्लीत काम विचारत फिरत होते. प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारायचा: शिक्षण किती? माझं आठवीपर्यंत. गावात शाळाच तेवढी होती. पुढची तालुक्याला, तिथे जाणारी एसटी बंद झाली, त्याच वर्षी वडील गेले, आणि शाळा सुटली असं म्हणण्याऐवजी मी शाळेपासून सुटले असं म्हणायला हवं, कारण कोणी धरून ठेवलंच नव्हतं.

चाचांनी शिक्षण विचारलं नाही. ते म्हणाले, "हात कापतो का?"

मला वाटलं, चोरीबिरीचं काही विचारतायत. मी घाबरून दोन्ही हात मागे घेतले.

"अगं, थरथरतो का म्हणतोय. दाखव."

मी हात पुढे धरले. भीतीने थरथरतच होते. चाचा हसले. "भीतीनं कापतोय, चालतंय. म्हातारपणानं कापला की मुश्किल. माझा कापतो. बस इथं."

आणि त्यांनी मला कोपरे कापायच्या मशीनवर बसवलं. लोखंडाचं, हिरव्या रंगाचं, हँडल मारायचं मशीन. व्हिजिटिंग कार्डांची चवड त्याच्या खाचेत सरकवायची, हँडल दाबायचं, खट्. चौकोनी कोपरा गोल व्हायचा आणि खाली कापलेल्या नखांसारखे बारके तुकडे पडायचे. दिवसभर खट् खट्. संध्याकाळी झाडू मारताना ते तुकडे फरशीच्या फटीत अडकायचे आणि मी ते बोटाने कोरून काढायची. कार्डं सुंदर दिसायची. खिशात घातली की अडकायची नाहीत. मला वाटायचं, शहरात राहायला हेच करावं लागतं; आपली टोकं कोणाला टोचायला नकोत. मी बोलणं बदललं. "कामून" सोडून "का" म्हणायला लागले. "करायलेय" गिळलं आणि "करतेय" म्हणायला शिकले. दुकानात एक बोलायची आणि आईशी फोनवर दुसरं, आणि कधी कधी दोन्हींची गल्लत होऊन गप्पच बसायची.

फक्त लग्नपत्रिका त्या मशीनखाली कधी जायच्या नाहीत. त्यांचे कोपरे टोकदार ते टोकदारच. असं का, ते मी विचारलं नव्हतं. नव्या माणसाला सगळाच नियम वाटतो.

मग पत्रिका फोनवर यायला लागल्या. चाचांच्या भाच्याने दुकानाला एक कॉम्प्युटर घेऊन दिला, लग्नाच्या वेबपेजचा एक साचा बनवून ठेवला, आणि तो पुण्याला नोकरीला निघून गेला. चाचा त्या कॉम्प्युटरकडे पाहुण्याकडे पाहावं तसे बघायचे. चहा विचारायचे तेवढं बाकी होतं. दुपारी दुकानात कोणी नसायचं तेव्हा मी हिंदीतले व्हिडिओ लावून बसायला लागले. काहीच कळायचं नाही. एक दिवस एका ओळीने मला जागेवर खिळवलं. बॉर्डर-रेडियस. त्यापुढे आकडा टाकायचा, आणि पडद्यावरच्या चौकोनाचे चारी कोपरे गोल होतात.

मशीन नाही, खट् नाही, खाली तुकडे नाहीत.

आकडा वाढवला की गोलाई वाढते. पन्नास टक्के लिहिलं की चौकोनाचं पार वर्तुळच होतं. आडवा चौकोन असेल तर अंडं होतं. प्रत्येक कोपऱ्याला वेगळा आकडाही देता येतो. पहिला आकडा वरच्या डाव्या कोपऱ्याचा, मग वरचा उजवा, मग खालचा उजवा, मग खालचा डावा; देवळात प्रदक्षिणा घालतात त्याच बाजूने. ते कळल्यावर मला ते पाठ करावं लागलं नाही. आणि रेडियस म्हणजे त्रिज्या. त्रिज्या हा शब्द माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षात आला होता. कंपासपेटी शेजारच्या मुलीची, कंपास तिचा, वर्तुळ तिच्या वहीत. मी नुसती बघायची. इथे प्रत्येक कोपऱ्यात एक अख्खं वर्तुळ बसलेलं असतं आणि आपल्याला त्याचा फक्त पाव भाग दिसतो, हे एकदा लक्षात आलं तेव्हा मला उगाच रडायला आलं. चाचा म्हणाले, "क्या हुआ? करंट बसला?"

त्या दिवसांत मी सगळं गोल करत सुटले होते. बटणं, फोटो, तारखेचा चौकोन, हॉलच्या नकाशाची चौकट. जिथे टोक दिसेल तिथे ती ओळ. कर्नाळ्यावरून येणारी एक बाई पत्रिका छापायला द्यायला आली होती, तिने पेजवर तिथल्या किल्ल्याचा फोटो टाकायला सांगितला, तर मी त्याचीही चौकट गोल केली. आत तो सुळका आपला बोट वर करून उभा. त्याला कोण गोल करणार!

फोन वाजला. आईचा नाही. मांडववाल्याचा, त्याला विचारायचंय त्याचं नाव पत्रिकेत खाली येईल का.

तर ती मागची सराई. आज जिच्याकडे मन सारखं पळतंय ती.

प्रणाली नावाची मुलगी आली. पळस्प्याच्या पलीकडच्या एका गावातली, आगरी घरातली, बँकेत नोकरीला. गॉगल डोक्यावर, एका हातात ताडगोळ्यांची पिशवी.

"पेज एकदम अ‍ॅपसारखं पाहिजे हां," ती म्हणाली. "कॉर्नर्स राउंड. मला ते चौकोनी-चौकोनी नाही आवडत. सरकारी नोटीस वाटते."

"करते," मी म्हटलं.

"आणि वर पत्रिकेचा फोटो. तो मी नंतर पाठवते. तो बदलायचा नाही, दुसरा कोणी पाठवला तरी घ्यायचा नाही. ओके?"

मी मान हलवली. ती जायला निघाली, दारातून परत आली. चाचा आत शाई ढवळत होते. ती हळू आवाजात म्हणाली, "त्या पत्रिकेला माझ्या आईनं हळदकुंकू लावलंय. बाकीच्या सगळ्या पत्रिकांना मोठ्या काकूनं लावलं. आईला लावू दिलं नाही, पप्पा नाहीत ना माझे. म्हणजे कोणी भांडलं नाही हां. नुसतं ताट उचलून तिकडे नेलं. मग मी एक पत्रिका लपवून ठेवली, दार लावलं आणि म्हटलं, तू लावल्याशिवाय मी दार उघडणार नाही. लावलं तिनं. रडत रडत लावलं. आणि म्हणाली, बघू या लोक काय बोलतात. कोणी काही बोललं नाही तर हळदीला पण मी तुला हळद लावीन."

माझ्या हातातला पेन तसाच राहिला. कोणाचं तरी बोलणं ऐकून आपल्या घराचं दार उघडल्यासारखं वाटतं, तसं झालं. पण मी फक्त मान हलवली.

फोटो आला. पत्रिकेच्या अगदी टोकाटोकांना पिवळे-लाल ठिपके, काठापर्यंत कापलेला फोटो, चौकटीत बरोबर बसणारा. मी तो साच्यात टाकला. साच्यात भाच्याची चौकट होती आणि चौकटीला माझी ओळ होती, साठ पिक्सेलची, चांगली ठसठशीत गोल. आणि त्याखाली दुसरी ओळ, चौकटीबाहेर जाणारं काहीही दिसू नये अशी. पेज छान दिसलं. अ‍ॅपसारखं दिसलं. मी नावं तपासली, तारीख तपासली, मामांच्या नावाची वेलांटी तपासली. प्रणालीने ऑफिसच्या गडबडीत खालची नावं बघितली, अंगठा पाठवला, आणि लिंक त्यांच्या सगळ्या नातेवाइकांत गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोवर तिचा फोन.

"कोणाचा फोन आला होता तुम्हाला? काकांचा?"

"कोणाचा नाही."

"मग हळद कोणी पुसली?"

मला कळेचना. मी पेज उघडलं. पत्रिका होती, गणपती होता, नावं होती. चारी कोपरे गोल, गुळगुळीत, कोरे. एक पिवळा कण नाही.

"आई बघत बसली रात्रभर," प्रणाली सांगत होती आणि तिचा आवाज फाटत होता. "म्हणते, बरं झालं पुसलं, मीच नको म्हणत होते. म्हणते, फोटोतून पण काढायला लावलं लोकांनी. आता हळदीला घरातून बाहेर येणार नाही म्हणते. उद्या हळद आहे हो!"

मी चाचांना सांगितलं तेव्हा माझे दात वाजत होते, एप्रिलमध्ये. मला वाटलं, संपलं. आता आईला काय सांगायचं, मावशीला काय सांगायचं. चाचांनी चष्मा लावून पडदा पाहिला. मग कपाटातून एक छापील पत्रिका काढून कोपरे कापायच्या मशीनवर नुसती ठेवली. हँडल मारलं नाही.

"लग्नाची पत्रिका याच्याखाली का घालत नाही, ठाऊक आहे?"

मी मान हलवली, नाही.

"हळदकुंकू लावायला कोपरा लागतो, बेटी. माझ्या अब्बांनी सांगितलेलं. मी तुला सांगायला पाहिजे होतं. पण मला काय माहीत, पडद्याला पण कोपरे असतात!" मग म्हणाले, "आता हे दुरुस्त होतं का?"

"होतं. लगेच होतं. इथूनच."

"मग कर. पण इथून नको. तिच्यासमोर कर. इथून केलं तर तिला वाटेल, रडारड झाली म्हणून परत चिकटवलं."

चाचांनी शटर अर्धं ओढलं आणि स्कूटर काढली. मी मागे, भाच्याचा जुना लॅपटॉप छातीशी धरून. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. पळस्प्याला ट्रकांच्या गर्दीत अडकलो. कांद्याच्या माळा, धूळ, आणि दूर उन्हात कर्नाळ्याचा सुळका. मी मनात ती ओळ परत परत पुसत होते. चाचा पुढून ओरडून म्हणाले, "घाबरू नको, इत्मीनान ठेव!" ट्रकच्या आवाजात मला फक्त "ठेव" ऐकू आलं आणि मी लॅपटॉप आणखी घट्ट धरला.

घराला मांडव पडला होता. आत माजघरात भारतीकाकू, प्रणालीची आई, वड्यांचं पीठ चाळत बसल्या होत्या. आमच्याकडे पाहिलंही नाही. प्रणाली उभी होती, डोळे सुजलेले.

"काकू," मी म्हटलं, "मी ते पेज करणारी."

"बरा केलास," त्या चाळणी न थांबवता म्हणाल्या. "पुसलास त्या बराच केलास. मना काय राग नाय."

"पुसलं नाही, काकू. आहे. आतच आहे."

चाळणी थांबली. "आत म्हंजे कुठं?"

मी त्यांच्यासमोर पिठाच्या परातीशेजारी लॅपटॉप ठेवला. साठ होतं तिथे शून्य लिहिलं. एक कळ दाबली.

चारी कोपरे उघडे पडले. वरच्या डाव्या कोपऱ्यात पिवळा ठिपका, त्यात लाल. मग उजव्या, मग खाली, मग डावीकडे. बोटाच्या रेघासुद्धा दिसत होत्या.

काकू वाकल्या. पिठाचा हात पदराला पुसला. "ह्यो आता लावलास?"

"नाही. तुम्हीच लावलेलं. मी कोपरे गोल केले म्हणून दिसत नव्हतं."

"परत गोल कर."

मी साठ लिहिलं. ठिपके गेले.

"काड."

मी शून्य लिहिलं. ठिपके आले.

"परत घाल." गेले. "काड." आले.

"मम्मी, बस ना आता," प्रणाली म्हणाली, पण हसू आणि रडू एकदम आल्यामुळे तिला ते नीट म्हणता आलं नाही.

"थांब गं. आमाला बघू दे." काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "म्हंजे लोकानला दिसला नाय, पन व्हता?"

"पहिल्यापासून होता."

"कुनी सांगला नव्हता पुसाया?"

"कोणीच नाही. माझ्याकडूनच झालं."

त्यांनी पिठाची परात बाजूला सारली. मग म्हणाल्या, "हिला गोल पायजे, आन माझी हळद पन ऱ्हायला पायजे. व्हतंय का तसा?"

होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं की होतं. तिथे बसून, चुकत चुकत सापडलं. चौकट गोलच ठेवायची, पण तिच्या आत चारी बाजूंनी थोडी जागा सोडायची. पॅडिंग म्हणतात त्याला. जागा कमी सोडली की गोलाई पुन्हा फोटोचं टोक खाते. जरा वाढवली की टोक अख्खं राहतं. मी वाढवत गेले, काकू "अजून, अजून" म्हणत गेल्या, आणि शेवटी बाहेर गोल, मऊ चौकट आणि आत चौकोनी पत्रिका, चारी टोकांनिशी, असं ते बसलं.

"मंग पयलेच सोडायची ना जागा," काकू म्हणाल्या. "शिकल्या-सवरल्या पोरी तुमी."

शिकल्या-सवरल्या! चाचा खोकले. मी खाली बघितलं. ते ऐकून वाईट वाटावं की बरं, मला आजही कळत नाही.

छापील पत्रिकेत काही राहिलं तर राहिलं. पण पेज एकदा इथे बदललं की सगळ्यांकडे बदलतं. ज्याने काल पाहिलं त्याने आज उघडलं तरी त्याला आजचंच दिसतं. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच प्रणालीकडून लिंक परत सगळ्यांना पाठवायला लावली. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून मोठ्या काकूंचा आवाज आला, "भारते, तुझी हळद दिसतंय गं फोनमंदी!" त्यात टोमणा होता की नव्हता, ते माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाला कळणं कठीण. भारतीकाकूंनी मात्र चाळणी उचलली आणि आधीपेक्षा जोरात चाळायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी हळदीला आम्हाला बोलावणं होतं. चाचांना काम होतं, मी एकटी गेले. संध्याकाळ, डीजेचा ठोका बरगड्यांत, माणसं इतकी की नवरी कुठे बसली आहे तेसुद्धा दिसेना. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभी. बायका येत होत्या, जात होत्या, प्रत्येकीच्या गालाला पिवळं. काकू लावतायत का, आल्या का, कोणी अडवलं का, काहीच कळायला मार्ग नाही. विचारायची हिंमत नाही. मी टाचा उंचावून बघायची, परत खाली यायची. मग कोणीतरी माझ्यापुढे वड्यांची ताटली धरली.

"खा. उभी काय ऱ्हायलीस पाव्हन्यासारखी?"

भारतीकाकू. ताटली धरलेले दोन्ही तळवे पिवळे होते. मनगटापर्यंत. पिवळा रंग नखांत शिरलेला. मी बघतच राहिले तर त्यांनी ताटली एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने माझ्या गालावर एक पट्टा ओढला. "तुला पन ऱ्हाऊ दे."

तो गाल मी दोन दिवस धुतला नाही.

त्यानंतर कोपरे गोल करताना मी आधी आत जागा किती आहे ते बघते. घाईत असले तरी बघते. बोलण्यातही "कामून" परत यायला लागलंय, चाचांशी बोलतानासुद्धा. चाचा म्हणतात, "हे कामून-कामून काय असतं?" आणि मग स्वतःच गिऱ्हाइकाला विचारतात, "कामून, पसंत नाही आली?" मला इथे जागा कोणी सोडली ते मला माहीत आहे. सांगितलं तर म्हातारा चिडेल.

पण आईला मी हे सगळं कधी सांगितलं नव्हतं. पत्रिका, काकू, पिवळे तळवे, काही नाही. काल सांगितलं. फोन ठेवल्यावर परत लावला आणि एका दमात सांगितलं. ती "हं, हं" करत होती. शेवटी म्हणाली, "त्या बाईच्या लेकीनं दार लावलं व्हतं. तू तर तिकडं हायस." आणि मशीन सुरू झालं.

दुपार झाली. चाचा जेवून आले, माझा डबा तसाच. रेश्माच्या पेजवर चौकट तयार आहे, गोल, आत जागा सोडलेली, आणि मध्ये रिकामं. रिकाम्या चौकटीकडे बघत बसू नये, पण मी बसले आहे. चुलतीने लावलेल्या पत्रिकेचा फोटो आला तर तोही मी लावेन. लावेनच. काही म्हणणार नाही. काउंटरची काच थरथरतेय. आज हळद कुठल्या गावात आहे कोण जाणे, भरदुपारीच सुरू झाली.

नाही, काच नव्हती. फोन होता.

फोटो जरासा हललेला. शिलाई मशीनच्या फळीवर पत्रिका ठेवलेली. बाजूला दोऱ्याचं रीळ, कात्रीचं टोक आलंय. वरच्या डाव्या कोपऱ्यातला ठिपका इतका फिका की कागदाचा डाग वाटावा. बोट टेकवून लगेच उचललेलं. वरच्या उजव्या कोपऱ्यातला जरा पिवळा. खालच्या उजव्या कोपऱ्यात कुंकू हळदीच्या बाहेर सरकलंय. आणि शेवटचा, खालचा डावा, चांगला दाबून लावलेला. त्यात बोटाच्या रेघा आहेत, आणि रेघांमध्ये सुई टोचून टोचून झालेला तो कडक गोल घट्टा, जो मी लहानपणी झोपताना धरून ठेवायची.

फोटोखाली तिने आवाज पाठवलाय. मशीन बंद आहे. मागे रेश्मा हसतेय, आणि आई फोनच्या फार जवळ तोंड नेऊन बोलतेय.

"नीट दिसायलंय का गं? नसंल दिसत तर परत लावते."